भुकेची सवय

माणसाला जगायला किती अन्न लागते, हा प्रश्न शास्त्राचा मानला जातो. आपल्या समाजात तो शास्त्राच्या कितीतरी आधी जातीने सोडवून टाकला होता. मनुस्मृतीने शूद्राच्या वाट्याला उष्टे अन्न ठेवले. गावगाड्याने महाराच्या वाट्याला मेलेले ढोर आणि शिळी भाकरी ठेवली. वर ‘त्यांना सवयच असते’ असे म्हणून हात झटकले. १९ व २० मार्च १९२७ रोजी महाडला कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली, तेव्हा बाबासाहेबांनी मृत मांस आणि उष्टे तुकडे सोडायला सांगितले. ‘सवय’ या शब्दालाच ते आव्हान होते.

पुढे हाच शब्द शास्त्राच्या भाषेत परत आला. १९७१ मध्ये वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी माणशी रोज २२५० कॅलरी हा आधार धरून दारिद्र्य मोजले. पां. वा. सुखात्मे यांचे म्हणणे वेगळे होते. एकाच माणसाची गरज दिवसागणिक बदलते आणि कमी अन्नाशी शरीर काही मर्यादेपर्यंत जुळवून घेते. म्हणून सरासरीच्या खाली जेवणारा प्रत्येकजण उपाशी नव्हे. १९८१ मध्ये दांडेकरांनी त्यांना जाहीर उत्तर दिले. सुखात्मे गरिबांचे वैरी नव्हते. प्रथिनांच्या तुटवड्याचा गाजावाजा चालू असताना, पोटभर अन्न नसेल तर प्रथिनेही सरपणासारखी जळून जातात, हे त्यांनीच ठासून मांडले. परंतु त्या विचारातून पुढे ‘लहान पण निरोगी’ असा सिद्धांत अमेरिकन अर्थतज्ज्ञ डेव्हिड सेक्लर यांनी काढला. आहारशास्त्रज्ञ सी. गोपालन यांनी १९८३ मध्ये विचारले, लहान असणे हे निरोगीपण केवळ गरिबांसाठीच का?

त्याच कुलाब्यातल्या, म्हणजे आजच्या रायगडातल्या, कर्जत तालुक्यात कडाव आहे. या तालुक्यातल्या वाड्यावस्त्यांवर कातकरी आणि ठाकर राहतात. कातकऱ्यांचे अन्न रानावर उभे होते. कडूकांद राख घालून उकडायचे, वाहत्या पाण्यात ठेवून त्याचा कडूपणा घालवायचा, हे ज्ञान कुठल्या प्रयोगशाळेतून आलेले नाही. शेवळं, टाकळा, खेकडे, ओढ्यातले मासे ही त्यांची पोषणाची तजवीज. १८७८ च्या जंगल कायद्याने रानावर सरकारची मालकी बसली. दिवाळीनंतर उचल घेऊन वीटभट्टीवर जाणे नशिबी आले. वरकस जमिनीवरची नाचणी मागे पडली, रेशनचा तांदूळ आला. शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असते. सडलेल्या तांदळात दहाच्या आसपास. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने प्राधान्य कुटुंबाला माणशी महिना ५ किलो धान्य दिले. हक्क म्हणून ते मोलाचे आहे. पण हिशेब केला तर दिवसाला पावणेसहाशे कॅलरीच भरतात. उरलेल्या कुठून आणायच्या?

आजही अंगणवाडीच्या काट्यावर पोर हलके भरले की ‘यांची अंगकाठीच अशी’ असे ऐकू येते. जागतिक आरोग्य संघटनेने २००६ मध्ये वाढीची जी प्रमाणे दिली, ती सहा देशांतल्या मुलांच्या मोजमापावर उभी आहेत. त्यांत नॉर्वेची मुले होती, तशी दिल्लीतील सुस्थितीतल्या घरांचीही होती. खायला, औषधाला मिळाले तेव्हा पाच वर्षांपर्यंत ती जवळजवळ सारखीच वाढली. तेव्हा उंची कमी पडते ती रक्तामुळे नव्हे, ताटामुळे. कार्यकर्त्यांनी आणि शिक्षकांनी हा पुरावा पाठ करून ठेवावा. ‘सवय’ म्हणणाऱ्याला त्याचे स्वतःचे ताट मोजायला लावावे.