दाराच्या दोन बाजू : अडसरापासून बटणांच्या कुलपापर्यंत

१/
नांदेड वा लातूर येथील एखाद्या दवाखान्यात औषधांची खोली असते, शिकवणीवर्गात प्रश्नपत्रिकांची, वसतिगृहात कोठीची. दिवसातून पन्नास वेळा उघडणाऱ्या अशा आतल्या दारांना हल्ली बटणांचे यांत्रिक कुलूप सुचवले जाते. चार आकडे दाबा, मूठ फिरवा, दार उघडते. त्याला किल्ली नाही, बॅटरी नाही, वीज नाही. भारनियमन सोसलेल्या मराठवाड्याला हे विशेष पटावे. या छोट्या यंत्रामागे मात्र फार जुना प्रश्न उभा आहे : दार नेमके कोणाच्या हाती असावे, आत असणाऱ्याच्या की बाहेर असणाऱ्याच्या? हा धागा त्या प्रश्नाचा.

२/
आरंभ किल्ल्यांपासून करू. कंधार, उदगीर आणि औसा हे आपल्या भागातील तीन नामवंत भुईकोट. डोंगराचा आधार नसल्याने भुईकोटाची सारी भिस्त खंदक, तट आणि दरवाजा यांवर असे. हत्तीला धावत येऊन धडक देता येऊ नये म्हणून वाट वळणाची ठेवत. दाराच्या फळ्यांवर लोखंडी खिळे ठोकत. मागे असे अडसर, म्हणजे भिंतीतील खोबणीत सरकणारी लाकडाची जाड तुळई. मोठे दार बंद असतानाही एकेकाला वाकून आत येता यावे म्हणून त्यातच लहानशी दिंडी ठेवलेली असे.

३/
अडसरात कोणतेही गुपित नसते. तो कसा काढायचा हे लहान मुलालाही दिसते. त्याचे सामर्थ्य एवढेच की तो आतल्या बाजूला असतो. जो आत तो आपला, जो बाहेर तो परका, हा त्याचा हिशेब. म्हणून फितुरीपुढे अडसर हतबल ठरे. त्याची दुसरी मर्यादा रोजच्या जगण्यातली होती. अडसर घालायला आत कोणीतरी असावे लागते. सारे घर शेतावर किंवा जत्रेला निघाले, तर दार लावायचे कोणी?

४/
ही अडचण कुलपाने सोडवली. कुलूप म्हणजे घरात नसलेल्या माणसाच्या जागी बसवलेला राखणदार. शब्दांचा प्रवासही पाहण्याजोगा आहे. ‘कुलूप’ हा अरबी ‘कुफ्ल’ फारसीमार्गे आपल्याकडे आला आणि येताना त्यातील अक्षरांची अदलाबदल झाली. ‘चावी’ पोर्तुगिजांनी दिली. ‘टाळे’ संस्कृतातील ‘तालक’ या शब्दाशी नाते सांगते. एका दाराला तीन दिशांची भाषा लागली.

५/
पण अडसराकडून कुलपाकडे जाताना एक मोठा बदल घडला आणि तो सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. अडसर आतल्या माणसाच्या ताब्यात होता. कडी-कोयंड्यातले कुलूप बाहेरच्या माणसाच्या ताब्यात गेले. आत कोणी असताना बाहेरून कुलूप लागले, तर तेच दार कोठडीचे होते. रक्षण आणि कैद यांतील अंतर केवळ दाराच्या बाजूचे. हा मुद्दा लक्षात ठेवा. धाग्याच्या उत्तरार्धात त्याचे मोल कळेल.

६/
मराठवाड्यातील जुन्या वाड्यात ढाळज ओलांडून आत गेले की दारांमागून दारे लागत : माजघर, कोठी, देवघर. भिंती इतक्या रुंद की त्यांच्या पोटातच धान्याचे बळद काढलेले. कोठीच्या किल्ल्यांचा जुडगा घरातल्या कर्त्या स्त्रीच्या कमरेला असे आणि तो कोणाकडे आहे यावरून घरातली सत्ता कोणाकडे हे कळे. सासूच्या कमरेचा जुडगा सुनेच्या हाती येणे हा एक प्रकारे सत्तांतराचाच प्रसंग. आतल्या दारांचे कुलूप हे असे आरंभापासून आपल्याच माणसांमधील अधिकाराची वाटणी करणारे आहे.

७/
१८९७ साली अर्देशीर गोदरेज यांनी मुंबईत लालबाग येथे कुलपांचा कारखाना काढला आणि विलायती कुलपांना देशी पर्याय उभा राहिला. तरफांच्या कुलपात अनेक पट्ट्या असतात. प्रत्येक पट्टी किल्लीने नेमक्या उंचीवर उचलली तरच खटका सरकतो. कारागिरी उत्तम, पण किल्लीचे जुने दोष कायम राहिले. ती हरवते, तिची नक्कल होते आणि दहा माणसांना दार उघडायचे असेल तर दहा किल्ल्या लागतात.

८/
किल्लीच नको, गुपित माणसाच्या स्मरणात असावे, हा विचारही जुनाच. यंत्रशिल्पी अल्-जझरी याने १२०६ साली पूर्ण केलेल्या ग्रंथात चार तबकड्यांच्या कुलपाची रचना दिली आहे. तबकड्या ठरलेल्या खुणांवर आणल्या की पेटी उघडे. तो काळ देवगिरीच्या यादवांचा. बटणांचे दाराचे कुलूप त्या मानाने अगदी अलीकडचे, विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रुळलेले. अमेरिकेतील ‘सिम्प्लेक्स’ या पाच बटणांच्या कुलपात क्रमाला महत्त्व असते आणि दोन बटणे एकत्रही दाबता येतात. त्यातून १०८२ जुळण्या निघतात.

९/
आपल्या बाजारात बहुधा मिळतात ती दोन उभ्या रांगांतील दहा ते चौदा बटणांची कुलपे. त्यांची रचना वेगळी आहे. प्रत्येक बटणामागे एक लहानशी खाच असलेली पट्टी असते. काही पट्ट्या दाबल्यावर वाट मोकळी करतात, उरलेल्या दाबल्यावर वाट अडवतात. नेमक्या हव्या त्याच पट्ट्या दाबल्या गेल्या की मूठ फिरते. ‘सी’ लिहिलेले बटण सर्व पट्ट्या पूर्ववत करते. म्हणजे हे यंत्र कोणती बटणे दाबली एवढेच पाहते. कोणते आधी आणि कोणते नंतर, याची नोंद त्याच्याकडे नसते.

१०/
आता गणित करू. क्रम मोजला जात असता तर चार आकड्यांच्या दहा हजार जुळण्या झाल्या असत्या. येथे क्रम नाही आणि एक बटण एकदाच वापरता येते, म्हणून दहा आकड्यांतून चार निवडण्याचे प्रकार अवघे २१०. पाच निवडले तर २५२. तेरा बटणांतून पाच निवडले तर १२८७. फावला वेळ असलेल्या माणसाला २१० जुळण्या दाबून पाहणे अशक्य नाही. तेव्हा हे कुलूप तिजोरीचे नव्हे. येणाऱ्या-जाणाऱ्याला सहज आत शिरता येऊ नये, एवढेच त्याचे काम आणि ते काम ते चोख करते.

११/
इतिहासप्रेमींसाठी येथे एक सापळा आहे. नांदेडमध्ये कोणालाही १७०८ सुचेल, कारण गुरू गोविंदसिंगजींचे अखेरचे वर्ष ते. उदगीरकराला १७६० सुचेल, सदाशिवरावभाऊंनी निजामावर मिळवलेल्या विजयाचे. मराठवाडा मुक्तीचे १९४८ तर साऱ्यांनाच पाठ. लातूर जिल्ह्याच्या जन्माचे १९८२ही तसेच. ही चारही वर्षे अशा कुलपात बसतात आणि म्हणूनच ती टाळावीत. शिवाय क्रम नसल्यामुळे १९४८ ठेवले तर १९८४ दाबूनही दार उघडेल.

१२/
एक वर्ष मात्र या कुलपात बसतच नाही : १९९३. त्यात नऊ दोनदा येतो. ते वर्ष लातूरला कोणत्याही यंत्राने आठवून द्यावे लागत नाही. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटे. गणेशविसर्जन आटोपून गावे नुकतीच झोपली होती. किल्लारी, सास्तूर आणि भोवतालच्या गावांत हजारो माणसे गेली. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातील बावन्न गावे नव्या जागी वसवावी लागली.

१३/
ती माणसे कुलपांमुळे गेली नाहीत. ती मातीत रचलेल्या दगडी भिंतींखाली आणि माळवदाच्या मातीखाली गाडली गेली. तरीही दाराच्या इतिहासात ही पहाट नोंदवलीच पाहिजे. उन्हापासून आणि चोरापासून राखणाऱ्या त्या रुंद भिंती, मोजकी आणि अरुंद दारे, बाहेरच्या बाजूला जवळपास नसलेल्या खिडक्या, हे सारे ‘बाहेरच्याला अडवायचे’ या एकाच हेतूने पिढ्यान्‌पिढ्या घडत आले होते. आतल्याला क्षणात बाहेर पडता यावे, हा दुसरा हेतू त्या रचनेत मागे पडला होता.

१४/
हा धडा जगाने अन्यत्रही मोठी किंमत देऊन घेतला. १६ जून १८८३ रोजी इंग्लंडमधील संडरलंड शहरात व्हिक्टोरिया हॉल या सभागृहात मुलांचा खेळ संपला आणि मुले जिन्याने धावत निघाली. खालचे दार एकच मूल जाईल एवढी फट ठेवून खिटीने अडवलेले होते. त्या चेंगराचेंगरीत १८३ मुले दगावली. त्याच प्रदेशातील रॉबर्ट अलेक्झांडर ब्रिग्ज याने पुढे नुसत्या अंगाच्या दाबाने आतून उघडणारी खिटी तयार केली. तिचे पेटंट १८९२ चे.

१५/
२५ मार्च १९११ रोजी न्यूयॉर्कमधील ट्रँगल शर्टवेस्ट कारखान्याला आग लागली. कामगारांची ये-जा ताब्यात राहावी म्हणून एका जिन्याचे दार कुलूपबंद ठेवलेले होते. १४६ कामगार मेले, त्यांतील बहुतेक तरुण मुली. या घटनेनंतर अग्निसुरक्षेचे कायदे कडक झाले आणि एक नियम हळूहळू सर्वमान्य होत गेला : माणसे आत असतील ते दार आतून किल्लीशिवाय, आकड्याशिवाय, विचार न करता उघडले पाहिजे.

१६/
बटणांच्या कुलपाचे खरे महत्त्व येथे उलगडते. त्याच्या बाहेरच्या अंगाला आकडे असतात, आतल्या अंगाला केवळ एक मूठ. बाहेरून गुपित, आतून मोकळीक. अडसराने आतल्याला दिलेले स्वातंत्र्य आणि कुलपाने बाहेर पडणाऱ्याला दिलेली निश्चिंती, या दोन्ही गोष्टी एका यंत्रात एकत्र आल्या. मात्र त्याच दाराला कोणी बाहेरून वेगळी कडी आणि टाळे ठोकले, की सारे मुसळ केरात.

१७/
मग निवड कशी करावी? प्रथम दाराची जाडी मोजावी. ही कुलपे साधारणपणे ३५ ते ६० मिलिमीटर जाडीच्या दारांसाठी केलेली असतात. आतली फ्लश दारे अनेकदा त्याहून पातळ निघतात, म्हणून वेष्टनावरील आकडा आधी वाचावा. दाराच्या कडेपासून मुठीच्या मध्यापर्यंतचे अंतर बहुधा ६० किंवा ७० मिलिमीटर असते. तेथे फ्लश दाराच्या पोटात भरीव लाकूड आहे ना, हे सुताराकडून पाहून घ्यावे. दिवसा वर्दळ असेल तर लॅच आत धरून ठेवण्याची सोय असलेला प्रकार घ्यावा.

१८/
बसवताना सोबतचा कागदी साचा दोन्ही अंगांना नीट चिकटवावा आणि भोके निम्मी एका बाजूने, निम्मी दुसऱ्या बाजूने पाडावीत, म्हणजे लाकडाची ढलपी उडत नाही. लॅचचा उतरता भाग चौकटीकडे, दार मिटण्याच्या दिशेने असावा. लॅचशेजारी लहान खुंटी असेल तर ती दार मिटल्यावर दाबलेलीच राहिली पाहिजे. ती चौकटीच्या पट्टीतील भोकात शिरली, तर पातळ पत्र्यानेही लॅच मागे सारता येते. दार आपोआप मिटावे म्हणून डोअर क्लोजर लावावा, कारण अर्धवट उघड्या दाराला कोणतेच कुलूप राखत नाही. आणि सर्वांत महत्त्वाचे, दार उघडे ठेवूनच आकडा दहा वेळा तपासावा.

१९/
आकडा बदलण्यासाठी कुलूप दारावरून उतरवून मागची पट्टी उघडावी लागते. पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे ‘सी’ दाबून धरले नाही तर आतल्या स्प्रिंगा उडतात. ही कटकट वाटते म्हणून वर्षानुवर्षे आकडा तोच राहतो आणि रोज दाबली जाणारी चार बटणे घासून चकचकीत होतात. क्रम नसलेल्या कुलपात ती चमक म्हणजे उघड उत्तर. काम सोडून जाणाऱ्याकडून किल्ली परत मागता येते, सांगितलेला आकडा परत मागता येत नाही. म्हणून माणूस बदलला की आकडाही बदलावा.

२०/
लातूरमध्ये आज राज्यभरातून मुले शिकायला येतात आणि परक्या खोल्यांत राहतात. त्यांच्या मजल्याला रात्री बाहेरून टाळे लावणे ही शिस्त वाटू शकते, पण ती पाचव्या भागात पाहिलेली कोठडी आहे. मित्रहो, आपल्या वसतिगृहाचे, अभ्यासिकेचे, कार्यालयाचे दार आज एकदा आतून पाहा. दिवे मालवून, हाताने चाचपून ते उघडते का? उघडत नसेल, तर संबंधितांना सांगा. किल्लारीच्या भूमीत हा प्रश्न विचारायला कोणालाही संकोच वाटू नये.

(समाप्त)