वजन घटविण्याच्या शस्त्रक्रियेनंतरचा दीर्घकालीन वैद्यकीय पाठपुरावा : इतिहास आणि हिंगोली जिल्ह्याचा संदर्भ

प्रास्ताविक

वैद्यकाच्या इतिहासात शस्त्रक्रियेची नोंद राहते; शस्त्रक्रियेनंतरच्या वर्षांची सहसा राहत नाही. पहिला छेद कोणी, कोठे व कोणत्या साली घेतला हे सांगणारी साधने उपलब्ध असतात. तोच रुग्ण दहा वर्षांनंतर कोणत्या स्थितीत होता, हे सांगणारी साधने विरळ आढळतात. वजन घटविण्याच्या शस्त्रक्रियेबाबत ही उणीव केवळ इतिहासाच्या अभ्यासकाची अडचण ठरत नाही, कारण या शस्त्रक्रियेच्या यशापयशाचा निर्णयच पुढील दहा-वीस वर्षांत लागत असतो. प्रस्तुत लेखात या पाठपुराव्याच्या इतिहासाचा मागोवा घेऊन हिंगोलीसारख्या ग्रामीण जिल्ह्याच्या संदर्भात त्याचा विचार केला आहे.

पाठपुराव्याने बदललेली शस्त्रक्रिया

अमेरिकेतील मिनेसोटा येथील क्रेमेन, लिनर व त्यांच्या सहकाऱ्यांनी 1954 मध्ये लघुआंत्राचा मोठा भाग अन्नमार्गातून वगळण्याच्या प्रयोगांविषयी शोधनिबंध प्रसिद्ध केला. साठ आणि सत्तरच्या दशकांत ही पद्धत बरीच प्रचारात आली. अन्नाचे शोषणच कमी होत असल्याने वजन हमखास उतरत असे. पहिल्या वर्षाच्या नोंदी पाहिल्या तर ही शस्त्रक्रिया यशस्वीच म्हणावी लागेल. पुढे मात्र काही रुग्णांचे यकृत निकामी होऊ लागले, ऑक्सलेटचे मूतखडे वारंवार होऊ लागले, सांध्यांचे विकार व जीवनसत्त्वांच्या अभावाची लक्षणे दिसू लागली. अखेरीस ही पद्धत सोडून द्यावी लागली. तिला बाद ठरविले ते प्रयोगशाळेने नव्हे, तर वर्षानुवर्षे रुग्णांना पुन्हा पुन्हा तपासणाऱ्या चिकित्सकांच्या नोंदींनी, ही बाब येथे विशेष लक्षात घेण्याजोगी आहे.

आयोवा विद्यापीठातील शल्यविशारद एडवर्ड मेसन यांनी 1966 च्या सुमारास जठराच्या वरच्या भागाची लहान पिशवी करून ती थेट लघुआंत्राला जोडण्याची पद्धत सुरू केली. इतिहासग्रंथांत त्यांचे नाव त्यासाठीच घेतले जाते. परंतु 1986 मध्ये त्यांनी सुरू केलेली अशा रुग्णांची राष्ट्रीय नोंदवही हे त्यांचे तितकेच मोलाचे कार्य होय. 1991 मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने भरविलेल्या सहमती परिषदेनेही शस्त्रक्रियेनंतर रुग्णावर आयुष्यभर वैद्यकीय देखरेख आवश्यक असल्याचे नमूद केले.

या विषयातील सर्वांत महत्त्वाचे साधन म्हणजे स्वीडनमधील अभ्यास. लार्स स्योस्ट्रॉम यांच्या नेतृत्वाखाली 1987 मध्ये सुरू झालेल्या या अभ्यासात शस्त्रक्रिया झालेले 2,010 आणि नेहमीचे उपचार घेणारे 2,037 स्थूल रुग्ण समाविष्ट होते. तपासणीचे वेळापत्रक सहा महिने, मग 1, 2, 3, 4, 6, 8, 10, 15 आणि 20 वर्षे असे ठरविण्यात आले. त्यातून हाती आलेले चित्र संमिश्र आहे. शस्त्रक्रियेनंतर दोन वर्षांनी मधुमेही रुग्णांपैकी 72 टक्के रुग्ण मधुमेहमुक्त आढळले. दहा वर्षांनी हे प्रमाण 36 टक्क्यांवर आले. दुसऱ्या वर्षीच तपासणी थांबविली असती तर वैद्यकाला अर्धेच सत्य कळले असते. 2007 मध्ये शस्त्रक्रिया झालेल्या गटातील मृत्यूचे प्रमाण कमी असल्याचे सिद्ध झाले. 2020 च्या निष्कर्षानुसार शस्त्रक्रिया झालेल्यांचे आयुर्मान दुसऱ्या गटापेक्षा सुमारे तीन वर्षांनी अधिक होते, तरीही ते सर्वसामान्य लोकसंख्येपेक्षा सुमारे साडेपाच वर्षांनी कमीच राहिले. अर्थात स्वीडनमध्येही तपासणीस येणाऱ्यांची संख्या वर्षांगणिक घटत गेली, हेही सांगितले पाहिजे.

या अभ्यासात 25 शल्यविभागांबरोबर 480 प्राथमिक आरोग्य केंद्रे सहभागी होती. हिंगोलीच्या दृष्टीने हा आकडा पहिल्या आकड्यापेक्षा अधिक बोलका आहे.

महाराष्ट्रातील स्थिती

महाराष्ट्रात ही शस्त्रक्रिया नव्या सहस्रकाच्या आरंभापासून प्रामुख्याने मुंबई-पुण्याच्या खाजगी रुग्णालयांत रुजली. 2011 मध्ये नितीन गडकरी यांनी ती करून घेतल्यानंतर सर्वसामान्य मराठी वाचकालाही तिचे नाव परिचित झाले. फेब्रुवारी 2017 मध्ये इजिप्तमधील इमान अहमद यांना उपचारासाठी मुंबईत आणले गेले, तेव्हा वृत्तपत्रांत त्यांच्या घटत्या वजनाचे आकडे सातत्याने छापून येत होते. मे महिन्यात त्यांना अबुधाबी येथे हलविण्यात आले आणि 25 सप्टेंबर 2017 रोजी तेथे त्यांचे निधन झाले. समाजाचे लक्ष शस्त्रक्रियेच्या दिवसावर किती केंद्रित असते, याचे हे बोलके उदाहरण होय.

दुष्काळ आणि कुपोषण यांसाठीच मराठवाडा चर्चेत असतो, तेथे स्थूलत्वाचा प्रश्न कोठून आला, असा आक्षेप घेतला जाऊ शकतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (2019-21) महाराष्ट्रातील सुमारे 21 टक्के स्त्रिया कमी वजनाच्या, तर सुमारे 23 टक्के स्त्रिया अधिक वजनाच्या आढळल्या. दोन्ही प्रश्न एकाच राज्यात, पुष्कळदा एकाच गावात नांदतात. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी पुणे परिसरातील गावांमध्ये 1993 पासून केलेल्या अभ्यासातून हाडाने बारीक परंतु शरीरात चरबीचे प्रमाण अधिक, असे भारतीय शरीराचे स्वरूप पुढे आले. त्याच अभ्यासात बहुसंख्य गरोदर स्त्रियांमध्ये बी-12 जीवनसत्त्वाची कमतरता आढळली, तर फोलेट पुरेसे होते. म्हणजे शस्त्रक्रियेपूर्वीच ज्या शरीरात बी-12 अपुरे असते, त्याच शरीरातून ते शोषून घेण्याची क्षमता नंतर आणखी घटते. पाश्चात्त्य वेळापत्रक जसेच्या तसे येथे का पुरेसे ठरत नाही, याचे हे एक कारण आहे.

हिंगोली जिल्ह्याचा संदर्भ

1 मे 1999 रोजी परभणीतून वेगळा झालेला हिंगोली हा पाच तालुक्यांचा जिल्हा. 2011 च्या जनगणनेनुसार लोकसंख्या 11,77,345. त्यांपैकी सुमारे 85 टक्के ग्रामीण. वसमत किंवा सेनगावच्या रुग्णाने महानगरात शस्त्रक्रिया करून घेतली तर टाके निघाल्यावर तो गावी परततो. पहिल्या वर्षी तीन, सहा व बारा महिन्यांनी आणि त्यानंतर दरवर्षी हिमोग्लोबिन, फेरिटिन, बी-12, ड जीवनसत्त्व, कॅल्शियम यांची तपासणी अपेक्षित असते. वजन उतरलेले, प्रकृती उत्तम आणि प्रवासात मजुरीचे दोन-तीन दिवस बुडणार, अशा स्थितीत पहिल्या वर्षानंतरच्या भेटी गळून पडणे अगदी स्वाभाविक आहे. त्याला रुग्णाचा निष्काळजीपणा म्हणणे अन्यायाचे ठरेल.

पुढे त्रास उद्भवतो तो गावात, आणि रुग्ण जातो तोही जवळच्या दवाखान्यात. शस्त्रक्रियेनंतरच्या काही महिन्यांत सतत उलट्या होणाऱ्या रुग्णाच्या शरीरातील थायमिन झपाट्याने संपते. अशा वेळी थायमिन न देता केवळ ग्लुकोजचे सलाईन लावले तर मेंदूला कायमची इजा होण्याचा धोका असतो. अशक्तपणा म्हटला की सलाईन, ही ग्रामीण भागातील रूढ समजूत येथे घातक ठरू शकते. दुसरे उदाहरण पंडुरोगाचे. पोटावर पूर्वी कोणती शस्त्रक्रिया झाली हे ठाऊक नसलेला आरोग्य कर्मचारी लोह व फॉलिक ॲसिडच्या गोळ्या देतो. त्यांनी रक्त सुधारल्यासारखे दिसते. बी-12 च्या अभावी होणारी मज्जातंतूंची हानी मात्र आतून चालूच राहते. हातापायांच्या मुंग्यांची तक्रार मग थकवा किंवा वय यांच्या खाती जमा होते. जठर वळविण्याची शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णाने औषधाच्या दुकानातून सांधेदुखीच्या गोळ्या घेत राहिल्यास जोडाच्या ठिकाणी व्रण होऊ शकतो, हेही दुकानदारास माहीत असण्याचे कारण नाही.

आशा कार्यकर्ती असंसर्गजन्य रोगांच्या पाहणीत घरोघरी जाऊन कंबरेचा घेर मोजते, घरातील मधुमेह-रक्तदाबाची विचारणा करते. त्या प्रपत्रात जठराच्या शस्त्रक्रियेविषयी एका प्रश्नाची भर घालणे खर्चाचे काम नाही. रुग्णालयाने घरी जाताना दिलेल्या कार्डावर शस्त्रक्रियेचा प्रकार, आयुष्यभर घ्यावयाची पूरक औषधे आणि टाळावयाची औषधे मराठीत लिहिली, तर कळमनुरीच्या वैद्यकीय अधिकाऱ्यासही ती उपयोगी पडतील. ऑक्टोबर 2024 मध्ये हिंगोली येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे उद्घाटन झाले. तत्पूर्वी अशा रुग्णांना शासकीय वैद्यकीय महाविद्यालयासाठी जिल्ह्याबाहेर जावे लागे. आता नोंदवही ठेवता येईल अशी जागा जिल्ह्यातच आहे. तिच्या पहिल्या पानावर किती नावे येतील हा प्रश्न गौण आहे. ती दहाच आली तरी त्या दहांची पंधराव्या वर्षीची तपासणी कोठे व्हावी, हे त्यामुळे ठरेल.