एका अर्जाचा इतिहास : कल्याण ते फिलाडेल्फिया, १८८३ (थ्रेड)

१/ कल्याण-भिवंडी ही नावे इतिहासात बहुधा जोडीनेच येतात. १६५७ मध्ये शिवाजी महाराजांनी ही दोन्ही ठाणी एकाच मोहिमेत घेतली. आज या थ्रेडचा विषय मात्र लढाई नाही. आपल्या शेजारच्या कल्याणच्या एका मुलीने वैद्यकीय महाविद्यालयाकडे केलेला प्रवेशाचा अर्ज, हा तो विषय.

२/ आज भिवंडीतल्या विद्यार्थ्याला डॉक्टर व्हायचे असेल, तर 'नीट'चे १८० प्रश्न आणि ७२० गुण हीच त्याची ओळख ठरते. 'तुम्हाला डॉक्टर का व्हायचे आहे?' असे त्याला कोणीही विचारत नाही. १८८३ मध्ये आनंदीबाई जोशी यांना मात्र मुख्यतः याच प्रश्नाचे उत्तर द्यावे लागले.

३/ जन्म ३१ मार्च १८६५, माहेरचे नाव यमुना. वयाच्या नवव्या वर्षी टपाल खात्यातील गोपाळराव जोशी यांच्याशी विवाह. चौदाव्या वर्षी मुलगा झाला, पण योग्य वैद्यकीय मदतीअभावी तो दहा दिवसांतच गेला. वैद्यकाकडे वळण्याचा त्यांचा निश्चय या दुःखातून घडला, असे त्यांचे चरित्रकार मानतात.

४/ कोल्हापुरात असताना गोपाळरावांनी पत्नीच्या शिक्षणासाठी रॉयल वाइल्डर या अमेरिकन मिशनऱ्याशी पत्रव्यवहार केला. वाइल्डर यांनी धर्मांतर सुचवले. गोपाळरावांनी ते नाकारले. हा पत्रव्यवहार वाइल्डर यांच्या नियतकालिकात छापून आला आणि न्यू जर्सीतील रोझेल येथील थिओडिशिया कार्पेंटर यांनी तो दंतवैद्याकडे वाट पाहत बसल्या असताना वाचला. त्यांनी आनंदीबाईंना पत्र लिहिले. पुढे दोघींत मावशी-भाचीचे नाते जडले.

५/ मग भारतातच का शिकू नये? मद्रासच्या वैद्यकीय महाविद्यालयाने १८७५ मध्येच स्त्रियांना प्रवेश दिला होता. या आक्षेपाला आनंदीबाईंनी २४ फेब्रुवारी १८८३ रोजी श्रीरामपूर (बंगाल) येथील जाहीर व्याख्यानात उत्तर दिले. मद्रासला महाविद्यालय आहे, इतर इलाख्यांत सुईणीचे वर्ग आहेत, परंतु तेथील शिक्षण अपुरे आणि शिकवणारे सनातनी वृत्तीचे आहेत, असा त्यांचा मुद्दा होता. आपण हिंदू म्हणून जाऊ आणि हिंदू म्हणूनच परत येऊ, हेही त्यांनी तेथे स्पष्ट केले.

६/ ७ एप्रिल १८८३ रोजी त्या कलकत्त्याहून निघाल्या. सोबत मिशनरी स्त्रिया होत्या, पती नव्हते. ४ जून रोजी त्या न्यूयॉर्कला पोहोचल्या. येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी : समुद्र ओलांडताना महाविद्यालयाचा प्रवेश त्यांच्या हाती नव्हता. ज्ञातीचा रोष आधी पत्करला, अर्ज नंतर केला.

७/ २८ जून १८८३ रोजी त्यांनी 'विमेन्स मेडिकल कॉलेज ऑफ पेनसिल्व्हेनिया' या संस्थेच्या आल्फ्रेड जोन्स यांना पत्र लिहिले. १८५० मध्ये स्थापन झालेली ही संस्था स्त्रियांना वैद्यकशास्त्र शिकवण्यासाठीच उभारलेली होती. प्रवेशाच्या सर्व अटी आपण कदाचित पूर्ण करणार नाही, हे आनंदीबाईंनी पत्रात मान्य केले आणि आपले प्रकरण अपवादात्मक आहे, म्हणून सवलत मिळावी, अशी विनंती केली.

८/ मग त्यांच्या बाजूने काय होते? आप्त आणि ज्ञाती या दोहोंच्या विरोधाला न जुमानता येथवर आणणारा निश्चय, हीच आपली पात्रता, असे त्यांनी मांडले. पुढे हेतू सांगितला : पुरुष डॉक्टरांकडून उपचार घेण्यापेक्षा मरण बरे मानणाऱ्या स्वदेशातील स्त्रियांना खरी वैद्यकीय मदत देणे. उणीव लपवली नाही. तिच्यासमोर हेतू आणि कृती ठेवली. अधिष्ठाता रेचल बॉडली यांच्या या महाविद्यालयाने त्यांना प्रवेश दिला.

९/ परंतु याच पत्रातले एक विधान इतिहासाच्या विद्यार्थ्याला थांबवते. आपली प्रकृती चांगली आहे, असे त्यांनी लिहिले. वस्तुतः कलकत्त्यात असतानाच अशक्तपणा, सततची डोकेदुखी, अधूनमधून ताप आणि धाप यांनी त्यांना ग्रासले होते. कार्पेंटरबाईंनी अमेरिकेहून धाडलेल्या औषधांचाही गुण आला नव्हता.

१०/ हे असत्य म्हणावे का? मला तसा निवाडा घाईचा वाटतो. समुद्रप्रवासानंतर त्यांना खरोखर बरे वाटत असेल. किंवा आजाराचा उल्लेख केला तर दार बंद होईल, हे त्यांनी ओळखले असेल. अठरा वर्षांच्या मुलीला परत फिरण्याची वाट उरली नव्हती. अर्ज हे साधन म्हणून वाचताना तो कोणी लिहिला, याइतकेच तो कोणासाठी लिहिला, हेही पाहावे लागते.

११/ ११ मार्च १८८६ रोजी त्यांना एम.डी. पदवी मिळाली. प्रबंधाचा विषय होता प्राचीन हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र. पदवीदान समारंभास पंडिता रमाबाई उपस्थित होत्या. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयातील स्त्रियांच्या विभागावर त्यांची नेमणूकही झाली. पण तोवर क्षयाने शरीर पोखरले होते. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. वयाची बावीस वर्षेही पूर्ण नव्हती.

१२/ म्हणजे ज्या कामासाठी हा अर्ज होता, ते काम सुरू होऊ शकले नाही. म्हणून अर्ज व्यर्थ ठरतो का? मुंबईच्या रखमाबाई १८९४ मध्ये लंडनहून वैद्यकीय शिक्षण पूर्ण करून आल्या आणि सुरत व राजकोट येथे त्यांनी दीर्घकाळ रुग्णसेवा केली. आनंदीबाईंच्या पत्रातली ती रुग्ण स्त्री काल्पनिक नव्हती. ती डॉक्टरची वाट पाहत होती.

१३/ 'पहिली स्त्री डॉक्टर' या बिरुदामागे हे पत्र बहुधा झाकले जाते. आपल्यापैकी जे यंदा प्रवेशाच्या रांगेत आहेत, त्यांना गुणपत्रिकेत जागा नसलेला तो जुना प्रश्न एकदा स्वतःला विचारता येईल. उत्तर लिहून ठेवा. आणि प्रकृतीचा रकाना मात्र खरा भरा.