रांग नवऱ्याची, बंदी बायकोवर

एच-१बी व्हिसावर अमेरिकेत गेलेल्या इंजिनिअरच्या जोडीदाराला एच-४ व्हिसा मिळतो. या व्हिसावर तिथं राहता येतं, शिकता येतं, पण पगाराची नोकरी करता येत नाही. २०१५पर्यंत ग्रीन कार्डाच्या शेवटच्या टप्प्यावर पोहोचेस्तोवर या नियमातून सुटकाही नव्हती. पुण्या-मुंबईतून, नाशिक-नागपुरातून गेलेल्या कितीतरी मराठी घरांनी हा नियम वर्षानुवर्षं पाळला. अमेरिकेच्या काँग्रेसनं पूर्ण विचारांती हे ठरवलं असणार, असंच बहुतेकांनी गृहीत धरलं. इतिहास मात्र वेगळं सांगतो. परदेशी कामगार थोडे दिवस येईल आणि परत जाईल, या समजुतीतून ही बंदी आली. पुढच्या काळात त्या समजुतीचा पाया कायद्यानंच काढून घेतला, तरी बंदी तशीच राहिली. मुक्कामाच्या निर्णयाची वाट पाहणाऱ्या जोडीदाराला काम करू न देण्यामागे कुठलंही तत्त्व नाही. जुन्या कायद्याचा तो न झाडलेला कोपरा आहे, असं माझं मत आहे.

सुरुवात १९५२च्या कायद्यापासून करायला हवी. विशेष गुणवत्तेच्या परदेशी माणसाला तात्पुरत्या कामासाठी बोलावता यावं म्हणून त्यात एच-१ हा वर्ग आला. मायदेशातलं घर सोडण्याचा इरादा नाही, हे त्या माणसाला दाखवावं लागे. तेव्हाच्या मजकुरात बायकामुलांचा विचार नव्हता. तो १९७०च्या दुरुस्तीत आला. त्याच दुरुस्तीनं कंपनीच्या अंतर्गत बदलीसाठी एल हा नवा वर्गही निर्माण केला. जोडीदारानं आणि अल्पवयीन मुलांनी सोबत यावं किंवा मागाहून यावं, एवढंच कायदा म्हणतो. एच-४वरच्या माणसानं नोकरी करू नये, असं त्याच्या मजकुरात कुठंही नाही. ती अट इमिग्रेशन खात्याच्या नियमावलीतून आली. वर्ष-दोन वर्षांत परतणाऱ्या कुटुंबाला तिचा फारसा जाच नव्हता. १९८६मध्ये मात्र परवाना नसलेल्या माणसाला जाणूनबुजून नोकरीवर ठेवणं मालकासाठीच बेकायदा ठरलं, प्रत्येक नव्या नोकराची कागदपत्रं तपासणं सक्तीचं झालं, आणि त्या नियमाला खरी धार आली.

मग १९९०चा कायदा आला आणि सगळं चित्र पालटलं. एच-१बी हा वर्ग त्याच कायद्यानं घडवला आणि वर्षाला ६५,००० ही मर्यादा घातली. त्याहून महत्त्वाचं म्हणजे परत जाण्याचा इरादा सिद्ध करण्याची अट या वर्गापुरती काढून टाकली. तात्पुरत्या व्हिसावर राहून कायमच्या मुक्कामासाठी अर्ज करणं आता उघडपणे मान्य होतं. पण नोकरीच्या आधारे मिळणाऱ्या ग्रीन कार्डांची संख्या वर्षाला सुमारे १,४०,००० ठरली, त्यातच बायकामुलंही मोजली जातात, आणि एका देशात जन्मलेल्यांना साधारणपणे सात टक्क्यांहून अधिक वाटा मिळत नाही. भारतातून जाणाऱ्यांची संख्या वाढली तशी त्यांची रांग लांबत गेली. २००० साली काँग्रेसनं ही रांग कायद्यात मान्यही केली: केवळ देशवार मर्यादेमुळे अडकलेल्या एच-१बी कामगाराला सहा वर्षांची कमाल मुदत संपल्यावरही मुदतवाढ मिळू लागली. म्हणजे तो दशकभर थांबणार हे सरकारला ठाऊक होतं आणि त्याच्या थांबण्याची सोय सरकारनं केली. त्याच छपराखाली तेवढाच काळ थांबणाऱ्या त्याच्या बायकोची सोय करायची मात्र राहून गेली.

या रांगेतली जागा ठरवणारा निकष नागरिकत्वाचा नसून जन्मस्थळाचा आहे. नवराबायकोपैकी एकाचा जन्म जरी भारताबाहेर, समजा कुवेतमध्ये किंवा नैरोबीत झाला असेल, तर दोघांनाही त्या देशाच्या रांगेतून जाता येतं. ग्रीन कार्डाचा अंतिम अर्ज दाखल झाला, की तो प्रलंबित असतानाही जोडीदाराला कामाचा परवाना मिळतो. मात्र आपला क्रमांक आल्याशिवाय तो अर्ज दाखलच करता येत नाही. २०१५पर्यंत परिणाम असा होता, की फ्रान्समध्ये जन्मलेल्या इंजिनिअरची बायको लवकर कामाला लागू शकत असे, आणि साताऱ्यात जन्मलेल्या दांपत्यातली, त्याच शिक्षणाची, त्याच शहरातली बाई घरी बसत असे.

२००७च्या उन्हाळ्यात या विसंगतीची जणू चाचणीच झाली. जुलै महिन्यासाठी नोकरीवर आधारित जवळजवळ सगळ्या रांगा खुल्या झाल्याचं जाहीर झालं आणि २ जुलैला तो निर्णय अचानक मागे घेण्यात आला. संतापलेल्या भारतीयांनी तेव्हा ‘लगे रहो मुन्नाभाई’मधल्या गांधीगिरीचा मार्ग धरला आणि इमिग्रेशन खात्याच्या प्रमुखांना शेकडो पुष्पगुच्छ पाठवले. खात्यानं ती फुलं जखमी सैनिकांच्या रुग्णालयात धाडली. पण १७ जुलैला निर्णय फिरला आणि १७ ऑगस्टपर्यंत अर्ज घेतले गेले. ज्यांचं लेबर सर्टिफिकेशन, म्हणजे ग्रीन कार्डाच्या वाटेवरची श्रम खात्याची मंजुरी, तोवर झालेली होती त्यांना अर्ज करता आला. त्यांची ग्रीन कार्डं पुढं कितीतरी वर्षं आली नाहीत, पण त्यांच्या जोडीदारांना कामाचा परवाना मिळाला. ज्यांचे कागद थोडे मागे होते, त्यांच्या जोडीदारांना तो मिळाला नाही. एकीला काम करू दिलं आणि दुसरीला दिलं नाही, याचं कारण कॅलेंडरच्या पानापलीकडे कुठंही सापडत नाही.

ज्या बायकांवर ही वेळ आली त्या कोण होत्या, हेही पाहायला हवं. महाराष्ट्रात १९८३मध्ये वसंतदादा पाटलांच्या सरकारनं विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी दिली. पुढच्या दोन दशकांत या महाविद्यालयांतून मुलीही मोठ्या संख्येनं बाहेर पडल्या. लग्नाच्या आधी हिंजवडीत किंवा ठाण्यात नोकरी केलेली, कधी नवऱ्याइतकाच पगार घेतलेली मुलगी न्यू जर्सीत उतरताच कायद्यानं बेरोजगार होत होती. १९७०च्या दुरुस्तीत जे कुटुंब डोळ्यासमोर होतं, त्यात अशी मुलगी नव्हती.

काँग्रेसला हे कधी दिसलंच नाही, असंही म्हणता येत नाही. जानेवारी २००२मध्ये दोन कायदे झाले. त्यांनी व्यापारी व गुंतवणूकदारांच्या ई वर्गातल्या आणि कंपनीअंतर्गत बदलीच्या एल वर्गातल्या जोडीदारांना कामाची मुभा दिली. कारण व्यवहारी होतं: बायकोला घरी बसावं लागणार असेल, तर चांगला अधिकारी बदली नाकारतो. पण हेच कारण एच-१बीलाही लागू पडतं. एकाच कंपनीच्या एकाच मजल्यावर शेजारी बसणाऱ्या दोघांपैकी एकाची बायको कामावर जाते आणि दुसऱ्याची जात नाही, याला व्हिसाच्या अक्षराखेरीज आधार नाही. त्यानंतर २००६च्या जानेवारीत महिलांवरील हिंसाचाराविरुद्धच्या कायद्यात, एच वर्गातल्या जोडीदाराचा छळ होत असेल तर तिला कामाचा परवाना देण्याची तरतूद आली. या तरतुदीचा अर्ज प्रत्यक्षात उपलब्ध व्हायला दहा वर्षं उलटावी लागली, ही शरमेची गोष्ट आहे. स्वतःची कमाई नसलेली बाई किती असहाय होते, हे या तरतुदीनं कबूल केलं. पण दाद मागण्यासाठी तिनं आधी मार खावा, ही अटही घातली.

अखेर २५ फेब्रुवारी २०१५ला नियम जाहीर झाला आणि २६ मेपासून लागू झाला. ज्या एच-१बी कामगाराचा आय-१४० हा ग्रीन कार्डासाठी मालकानं करायचा अर्ज मंजूर आहे किंवा ज्याला सहा वर्षांपलीकडची मुदतवाढ मिळाली आहे, त्याच्या जोडीदाराला परवाना मिळू लागला. पहिल्या वर्षी १,७९,६०० जण पात्र ठरतील, त्यापुढे वर्षाला ५५,०००, असा खात्याचा अंदाज होता. डिसेंबर २०१७पर्यंत ९०,९४६ जणांना पहिल्यांदाच हा परवाना मिळाला. तोवरच्या मंजुऱ्यांपैकी सुमारे ९३ टक्के भारतात जन्मलेल्यांच्या, असं तेव्हाची आकडेवारी सांगते, आणि स्त्रियांचं प्रमाणही तेवढंच होतं.

या नियमावरचा सगळ्यात गंभीर आक्षेप अमेरिकन कामगारांचा होता. सदर्न कॅलिफोर्निया एडिसन या वीज कंपनीच्या आयटी विभागातून काढलेल्या माणसांनी ‘सेव्ह जॉब्ज यूएसए’ या नावानं २०१५मध्येच दावा लावला. त्यांच्या जागी बाहेरच्या कंपन्यांमार्फत एच-१बीवरचे लोक आले होते. त्यांचं दुःख खरं होतं, ते झटकून टाकता कामा नये. पण त्यांच्यावर आघात करणारी व्यवस्था कोणती, हे पाहिलं तर नेम चुकल्याचं दिसतं. एच-१बीचा कामगार मालकाला बांधलेला असतो, नोकरी गेली तर व्हिसा डळमळतो, म्हणून तो कमी पगारावर दबून राहू शकतो. एच-४चा परवाना कुठल्याही मालकाशी बांधलेला नाही. ही बाई पगार पटला नाही तर दुसरीकडे जाऊ शकते, धंदाही काढू शकते. स्थानिकांचा पगार पाडायला दबलेला माणूस लागतो, आणि ती दबलेली नाही. शिवाय पंधरा कोटींहून मोठ्या श्रमबाजारात खात्याचा पहिल्या वर्षाचा पूर्ण अंदाज धरला, तरी तो हजारात सुमारे एक भरतो.

‘अटी माहीत असूनच गेल्या ना?’ हा आक्षेप आपल्याकडेही ऐकू येतो. अट माहीत होती, मुदत माहीत नव्हती. रांग किती लांबेल हे निघताना कुणी सांगू शकत नव्हतं, कारण ती मागून येणाऱ्यांच्या संख्येवर आणि वर्षागणिक बदलणाऱ्या तारखांवर ठरते. सहा वर्षांसाठी मान्य केलेली गोष्ट सोळा वर्षांवर गेली, तर आधीच्या संमतीचा आधार घेता येत नाही.

तिसरा आक्षेप कायद्याचा, आणि मला तोच सर्वांत विचार करण्याजोगा वाटतो: काँग्रेसनं न दिलेला हक्क खातं कसं देऊ शकतं? न्यायालयांनी याचं उत्तर खात्याच्या बाजूनं दिलं. ऑगस्ट २०२४मध्ये वॉशिंग्टनच्या अपील न्यायालयानं नियम वैध ठरवला, आणि ऑक्टोबर २०२५मध्ये सर्वोच्च न्यायालयानं प्रकरण ऐकायला नकार दिला. मला हा निकाल योग्य वाटतो, कारण बंदी नियमावलीनं घातली असेल, तर सूटही नियमावलीनं देता येते. पण याच तर्काची दुसरी बाजू अशी, की नियमावलीनं दिलेलं नियमावलीनं काढूनही घेता येतं. २०१७ ते २०२० या काळात तो प्रस्ताव खात्याच्या यादीवर होताच, जानेवारी २०२१मध्ये तो मागे घेतला गेला. वेळेत केलेला नूतनीकरणाचा अर्ज प्रलंबित असताना परवाना आपोआप वाढवून देण्याची सोयही ३० ऑक्टोबर २०२५पासूनच्या नव्या अर्जांना मिळत नाही. अर्जावर निर्णय यायला उशीर झाला, तर चालू नोकरी थांबवावी लागते. २००२मध्ये एल वर्गातल्या जोडीदारांसाठी काँग्रेसनं जे कलम लिहिलं, त्यात एच-१बीच्या जोडीदारांना सामावून घेतलं, तर या बायकांचं काम कुठल्याही प्रशासनाच्या मर्जीवर राहणार नाही.