मुलाचा गाडा, बापाचा हात

आजच्या भाषणाचा विषय ऐकून पुष्कळांना हसू येईल. इतिहास म्हटला म्हणजे लढाया, तह, सनदा आणि राजवंश. लाकडाच्या फळकुटाला चार चाके ठोकून पोरांनी केलेल्या गाड्याला इतिहास तो कसला, असे कोणीही विचारील. इतिहास आहे, आणि तो बराच जुना आहे. माझे लक्ष त्याकडे वळण्याचे कारण मात्र अगदी घरगुती होते. गेल्या उन्हाळ्याच्या सुटीत माझ्या नऊ वर्षांच्या मुलीने आपणांस शर्यतीची लाकडी मोटार करावयाची आहे, असे जाहीर केले. मोटार वीतभर लांबीची. ती उतरत्या फळीवरून सोडावयाची, आणि जिची आधी खाली पोहोचेल ती जिंकली, असा गल्लीतील मुलांचा बेत होता. मी लागलीच करवत हाती घेतली. तासाभराने मान वर करून पाहतो, तो गाडी चांगलीच आकाराला आली होती, आणि मुलगी उंबऱ्यावर बसून मांजराशी खेळत होती. त्या मुकाट उंबऱ्याने मला जे वाचन करावयास लावले, त्यांतील काही भाग आज श्रोत्यांपुढे ठेवीत आहे.

मोहेंजोदडो, हडप्पा आणि चन्हुदडो येथील उत्खननांत भाजक्या मातीचे चिमुकले गाडे व त्यांची चाके विपुल सापडली. गाड्याची साटी मातीची, चाके मातीची. आस मात्र लाकडाचा असावयाचा, तो कुजून गेला. म्हणून संग्रहालयांत आज आपणांस गाडे आणि चाके दिसतात, पण त्यांना जोडणारी काडी बहुधा नव्याने घातलेली असते. ती मूळची काडी कोणी तासली असेल? साटी कुंभाराने घडविली असेल. परंतु काडी मोडली की नवी घालून देण्याचे काम घरच्याच कोणाकडे येत असेल, असे मला आपले वाटते. पुरावा मागाल तर तो मजपाशी नाही. बाप म्हणून केलेले हे अनुमान आहे.

आपल्या महाराष्ट्रांत श्रीरामपूर तालुक्यातील दायमाबाद येथे १९७४ साली झाडाचे खोड उकरताना चार कांस्यवस्तू हाती आल्या. त्यांत दोन बैलांचा एक रथ आहे. लांबी सुमारे ४५ सेंटिमीटर, वर उभा सारथी, आणि त्याच्या पुढे दांडीवर एक कुत्रा. रथ पाहताच लहान मूल हात पुढे करील इतका तो मोहक आहे. पण चारही वस्तूंचे मिळून वजन साठ किलोंहून अधिक भरते, तेव्हा ते खेळणे नव्हे. एखाद्या मिरवणुकीत अथवा पूजेत ओढून नेण्याची ती वस्तू असावी, असा तर्क आहे. काळाविषयीही विद्वानांत मतभेद आहेत. मला त्यांत दिसते ते एवढेच, की पोराच्या हातातला गाडा थोरांना इतका आवडला, की त्यांनी तो धातूचा ओतून आपल्याकडे घेतला.

थोरांची ही खोड पुढे एका संस्कृत नाटकाच्या मुळाशी आली. शूद्रकाचे 'मृच्छकटिक' सांगलीजवळच्या हरिपूरचे गोविंद बल्लाळ देवल यांनी संगीत रूपाने मराठी रंगभूमीवर आणले, त्यामुळे त्याची कथा आपल्या घरांत परिचयाची आहे. वसंतसेना, चारुदत्त, शकार हे सर्वांना आठवतात. नाटकाचे नाव ज्या वस्तूवरून पडले, तो मातीचा गाडा मात्र सहाव्या अंकांत थोडाच वेळ दिसतो. चारुदत्ताचा मुलगा रोहसेन रडत असतो. शेजारच्या श्रीमंत मुलाच्या सोन्याच्या गाड्याशी तो खेळला, आणि त्या मुलाने आपला गाडा परत नेला. रदनिका दासीने त्याला मातीचा गाडा करून दिला आहे. तो त्याला नको आहे. वसंतसेनेला हे पाहवत नाही. ती अंगावरचे दागिने उतरविते, मातीच्या गाड्यांत भरते आणि सांगते, की याचा सोन्याचा गाडा करून घे.

किती मायेची कृती! आणि पुढे काय होते? तेच दागिने परत पोहोचविण्यासाठी मैत्रेय निघतो, न्यायसभेत शकाराशी झालेल्या झटापटीत ते त्याच्या काखेतून खाली पडतात, आणि वसंतसेनेच्या वधाचा आळ चारुदत्तावर पक्का होतो. बापाला वधस्तंभाकडे नेतात. वसंतसेना जिवंत समोर आली म्हणून तो वाचला. मुलाच्या गाड्यांत थोरांनी जे भरले, ते बापाच्या गळ्याशी आले. शूद्रकाने हा उपदेश म्हणून लिहिला नाही हे उघड आहे. त्याला कथानकाचा पेच हवा होता. तरीही रदनिकेने केलेला गाडा तसाच राहता तर काय झाले असते, हा प्रश्न मनातून जात नाही.

नाटक सोडून आपण आपल्या घरांत येऊ. मराठी मुलाचा पहिला गाडा म्हणजे पांगुळगाडा. तीन चाकांचा, उभ्या दांड्याचा. तो गावचा सुतार करून देई. मूल दांड्याला धरून उभे राही, गाडा पुढे सरके, आणि त्याच्यामागून मुलाला पाऊल टाकावेच लागे. येथे मोठ्या माणसाचे काम गाडा देऊन बाजूला होण्याचे. पांगुळगाड्याला मागून ढकलणारी आई मी पाहिली नाही. सावंतवाडीच्या चितार आळीतील लाखकामाची लाकडी खेळणी आपल्याकडे आंबोलीच्या घाटाने येतात. हलक्या लाकडाची ती गोजिरवाणी वस्तू कपाटांत शोभते. पण ती तयारच येते, आणि मुलाला तीत फोडण्याखेरीज करण्यासारखे काही उरत नाही.

कोल्हापूरच्या मुलाला याहून वेगळी संधी मिळाली, आणि तिचे कारण या शहराच्या कारागिरींत आहे. शाहू छत्रपतींच्या खडखड्याच्या आठवणी जुन्या माणसांकडून ऐकलेल्या अनेकांच्या घरी असतील. घोडे तयार करण्याची ती उघडी गाडी. महाराज स्वतः लगाम धरून तीतून फिरत, आणि गाडीचे नाव तिच्या आवाजावरून पडले. याच शहरात ३ जून १८९० रोजी बाबुराव मेस्त्री जन्मले, ज्यांना पुढे सर्वजण बाबुराव पेंटर म्हणू लागले. त्यांचे वडील कृष्णराव हे अनेक हुन्नर हाती असलेले कारागीर. बाबुराव व त्यांचे चुलतबंधू आनंदराव हे नाटकांचे पडदे रंगवीत. चित्रपट काढावयाचा, तर कॅमेरा हवा; तो विकत घेण्याची ऐपत नव्हती. आनंदराव १९१६ साली निवर्तले. बाबुरावांनी विष्णुपंत दामल्यांच्या साह्याने १९१८ साली कॅमेरा कोल्हापुरांतच घडविला, आणि १९२० च्या 'सैरंध्री'चे चित्रण त्यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीने केले. ही गोष्ट पुष्कळदा सांगितली जाते ती स्वदेशीचा विजय म्हणून. मला तीत आणखी एक गोष्ट दिसते. परक्या यंत्राकडे पाहून 'हे आपण करू' असे ज्याला वाटते, त्याचे बालपण हत्यारांच्या खणखणाटांत गेलेले असते.

पुढे या शहरात उसाचे चरक, तेल-इंजिने व त्यांचे सुटे भाग करणारे कारखाने वाढले, ओतशाळा वाढल्या, आणि शिवाजी उद्यमनगराच्या गल्ल्या लेथच्या आवाजाने भरून गेल्या. कारखान्याबरोबर मोडही आली. झिजलेले बेअरिंग यंत्राच्या उपयोगाचे राहत नाही. पोराच्या गाड्याला ते आणखी वर्षभर पुरते. अशा रीतीने बेअरिंगचा गाडा जन्मास आला. तो एकट्या कोल्हापूरचा नव्हे, जेथे जेथे कारखाने तेथे तेथे तो आहे; परंतु आमच्याकडे त्याला चाकांचा तुटवडा कधी पडला नाही.

त्याची रचना थोडक्यात सांगतो, कारण आता तो रस्त्यावर क्वचितच दिसतो. बसण्यापुरती एक फळी. तिच्याखाली मागे आडवा लाकडी आस पक्का ठोकलेला, त्याच्या दोन्ही टोकांना तासून बेअरिंग घट्ट बसविलेले. पुढचा आस एकाच बोल्टवर फिरता ठेवलेला, आणि त्याच्या टोकांना सुतळीचा लगाम. पायांनी वा लगामाने पुढचा आस वळवावयाचा. ब्रेक म्हणजे चपलेची टाच. सर्व कौशल्य टोक तासण्यांत: जाड राहिले तर बेअरिंग चढत नाही, बारीक झाले तर उतारावर निसटते. आम्ही ब्रह्मपुरीकडून पंचगंगेच्या घाटाकडे उतरणाऱ्या रस्त्यावर गाडे सोडीत असू. डांबरावर लोखंडी बेअरिंगचा असा कर्कश आवाज होई, की खडखडा हे नाव आमच्याच वाहनाला अधिक शोभले असते.

माझे वडील, आम्ही त्यांना आबा म्हणत असू, एका कारखान्यात टर्नर होते. जेवणाच्या डब्याच्या पिशवीतून ते दोन बेअरिंगे आणीत आणि पायरीवर ठेवून हातपाय धुण्यास जात. ज्यांच्या हाताखालून केसाइतका फरक निसटत नसे, ते आबा माझे वेडेवाकडे तासणे निमूट पाहत. एकदा मात्र म्हणाले, "पटाशी आपल्याकडे ओढू नको, बाहेर ढकल." मांडी वाचली. गाड्याविषयी याखेरीज ते काही बोलल्याचे मला आठवत नाही, आणि त्या वेळी मला याचा रागही येई. आबांनी मनावर घेतले असते तर आमचा गाडा गल्लीत पहिला आला असता.

मनावर घेणाऱ्या वडिलांचा इतिहास अमेरिकेत नीट नोंदलेला आहे. १९३३ साली ओहायोतील डेटन शहरी मायरन स्कॉट नामक वृत्तपत्र-छायाचित्रकाराने काही मुलांना घरगुती गाडे उतारावरून पळविताना पाहिले, आणि त्यांतून 'सोप बॉक्स डर्बी' निघाली; साबणाच्या खोक्यांचे गाडे म्हणून हे नाव. १९३५ पासून ती अ‍ॅक्रन येथे भरू लागली. बक्षिसे मोठी झाली, गर्दी वाढली. गाडा मुलाने स्वतः करावा, हा मूळ दंडक. पण उतारावर मुलाच्या मागे बापाची महत्त्वाकांक्षाही धावत होती. १९७३ साली विजयी गाड्याची क्ष-किरणांनी तपासणी केली, तेव्हा त्याच्या नाकांत विद्युत्‌-चुंबक लपविलेला आढळला. आरंभीचा लोखंडी अडसर खाली पडताना चुंबक गाड्याला पुढे ओढून घेई. मुलाने डोके मागे टेकले, की तो सुरू होई. पारितोषिक काढून घेतले. चौदा वर्षांच्या त्या मुलामागे त्याचा एक सधन, कारखानदार नातलग होता, आणि असे करण्यास आपणच सांगितल्याचे त्या गृहस्थाने पुढे मान्य केले. वसंतसेनेचे सोने आणि हा चुंबक यांत हेतूचे अंतर आकाश-पाताळाचे आहे. गाडा मात्र दोन्ही वेळी मुलाचाच होता, आणि दोन्ही वेळी मुलाला त्यांत हात घालण्यास जागा उरली नाही.

त्याच देशांत दुसरीही एक परंपरा निघाली, तिच्यावरूनच गल्लीतील मुलांचा खेळ कोठून तरी उचललेला दिसतो. कॅलिफोर्नियातील मॅनहॅटन बीच येथील डॉन मर्फी यांचा मुलगा सोप बॉक्स डर्बीच्या मानाने लहान होता. तेव्हा त्यांनी बसण्याचा गाडा सोडून हातांत मावेल एवढी मोटार योजिली, आणि १५ मे १९५३ रोजी बालवीरांची पहिली 'पाइनवुड डर्बी' झाली. पाइन लाकडाचा ठोकळा, चार चाके, आसासाठी खिळे. वजन पाच औंस, म्हणजे सुमारे १४० ग्रॅम, याहून अधिक नको. मोटार बापलेकांनी मिळून करावी हीच त्यांतील कल्पना. आता 'मिळून' या शब्दाचा अर्थ प्रत्येक घरी निराळा, हे सांगावयास नकोच.

वेगाचे रहस्य मोठे नाही. मोटारीला इंजिन नाही. तिला जी शक्ती मिळते ती उंचीची, आणि ती खर्च होते घर्षणात. म्हणून वजन मर्यादेइतके पुरे भरावे आणि ते मागल्या आसाच्या किंचित पुढे ठेवावे, म्हणजे आरंभी ते अधिक उंचीवर राहते. खिळे पॉलिश-कागदाने गुळगुळीत करावे. तेल घालू नये, त्यावर धूळ बसते. शिसपेन्सिलीच्या शिशाची पूड उत्तम. आणि चाके सरळ बसवावी. वाकडे चाक कडेला घासते व सर्व मेहनत वाया जाते.

हे सर्व मला ठाऊक होते, आणि तेथेच घात झाला. मी केलेली गाडी सुरेख होती. दुसऱ्या दिवशी मुलीला म्हटले, "बाळ, रंग तरी तू दे." ती म्हणाली, "बाबा, ही तुमची आहे. तुम्हीच द्या." रागाने नव्हे, वस्तुस्थिती सांगावी तसे म्हणाली. मी गाडी कपाटावर ठेवली आणि सुताराकडून दुसरा ठोकळा आणला. पायरीवर ठेवला. हातपाय धुण्यास गेलो नाही, एवढे धैर्य मजपाशी नव्हते. वर्तमानपत्र घेऊन खुर्चीवर बसलो. तिची कानस उलटसुलट चालली होती. पुढचे डावे चाक वाकडे बसत होते, ते मला खुर्चीवरूनही दिसत होते. पटाशी घेतली तेव्हा एवढेच म्हणालो, की बाहेर ढकल.

शर्यतीला सात गाड्या होत्या. तिची पाचवी आली. फळीच्या मध्यावर ती डावीकडे ओढली गेली, कडेला घासली, आणि तेथून सावकाश खाली आली. घरी येताच तिने गाडी उलटी केली, चाक बोटाने फिरविले, पुन्हा फिरविले, आणि मग मला विचारले, "बाबा, पेन्सिल तासायचं पातं कुठं आहे?"