जोडून आलेल्या तारांची निवड

मोठ्या कार्यालयाचं फॉल्स सीलिंग उघडून पाहिलं, तर दिव्यांपेक्षा तारांचीच गर्दी जास्त दिसते. रूढ पद्धतीत वायरमन शिडीवर उभा राहून प्रत्येक फिटिंगपाशी केबल सोलतो, फेज, न्यूट्रल आणि अर्थिंग कनेक्टरमध्ये कसतो आणि तिथून पुढच्या फिटिंगकडे लूप नेतो. दिवा नुसता चालू-बंद होत होता तोवर हे तीन तारांत भागत असे. आता उजेड कमी-जास्त करणाऱ्या नियंत्रणाच्या आणखी दोन तारा आल्या. तीनशे फिटिंगचा मजला धरा: प्रत्येकाकडे पाच तारा येणार, पाच पुढे जाणार, म्हणजे तीन हजार टोकं, आणि तीही मान वर करून कसायची. म्हणून ठरलेल्या लांबीची, दोन्ही टोकांना कनेक्टर बसवलेली, कारखान्यात तपासलेली वायरिंग मागवणं शहाणपणाचं ठरतं. ती निवडायची कशी, हा आपल्या अभ्यासाचा विषय.

अशी वायरिंग घेतली की कारागिरी संपते, असं काही जण समजतात. मला हे मान्य नाही. कारागिरी साइटवरून ड्रॉइंगवर येते, एवढंच. कोणता दिवा कोणाच्या पुढे, सेन्सर कुठे, कुठल्या दोन फिटिंगमध्ये किती मीटर, हे सारं केबल कापली जाण्याआधी ठरवावं लागतं. शिडीवरची चूक एका दिव्यापुरती असते. ऑर्डरमधली चूक सगळ्या मजल्यावर उमटते.

सगळ्यात जास्त विचार लागतो तो नियंत्रणाच्या त्या दोन तारांचा. ‘डाली’ या डिजिटल पद्धतीत एका लाइनवर दिव्यांच्या 64 ड्रायव्हरना स्वतंत्र पत्ता देता येतो. या दोन तारा उलटसुलट जोडल्या तरी चालतं. लाइनवर जास्तीत जास्त 250 मिलिअँपिअर प्रवाह आणि 2 व्होल्टची घट मान्य आहे, म्हणजे जाऊन-येऊन 8 ओहम. दीड चौरस मिलिमीटर तांब्याचा रोध किलोमीटरला सुमारे 12 ओहम धरा आणि गणित स्वतः करा. पुस्तकांतली 300 मीटरची मर्यादा कुठून आली ते कळेल. आकड्यामागचं हे गणित कळलं की वेगळ्या जाडीची केबल समोर आली तरी अडत नाही.

डालीचा व्होल्टेज साधारण 16 असतो. त्यामुळे ती हाताळायला निर्धोक वाटते, आणि तिथेच धोका आहे. मेन्सपासून तिचं इन्सुलेशन फक्त मूलभूत दर्जाचं असतं, म्हणून तिला मेन्ससारखंच वागवायचं. याच कारणाने ती 230 व्होल्टच्या तारांसोबत एकाच पाच-कोर केबलमधून नेता येते, आणि तयार वायरिंगला हे फार सोयीचं पडतं.

0–10 व्होल्टची पद्धत वेगळी. तिथे धन-ऋण सांभाळावं लागतं आणि दिव्याला पत्ता नसतो. ज्यांच्या नियंत्रणतारा एकत्र जोडल्या, ते दिवे एकत्र मंद होतात. भाड्याच्या कार्यालयात भाडेकरू बदलला की पार्टिशन सरकतं. डालीत नवे गट सॉफ्टवेअरमध्ये पाडता येतात, इथे मात्र छत उघडून तारा बदलाव्या लागतात. म्हणून मालकाला पहिला प्रश्न किमतीचा न विचारता पुढच्या पाच वर्षांत जागेची मांडणी बदलेल का, हा विचारावा. अमेरिकी पद्धतीची फिटिंग आली तर रंगही पाहावेत. तिथे या जोडीसाठी जांभळा-करडा रंग होता; पण करडा न्यूट्रललाही वापरतात. तो गोंधळ टाळण्यासाठी 2022 पासून करड्याच्या जागी गुलाबी आला.

कनेक्टरसाठी आयईसी 61535 हे मानक आहे. या जोडण्या कायमच्या वायरिंगसाठी असतात. लोड चालू असताना त्या उपसायच्या नाहीत. दोन कंपन्यांचे कनेक्टर दिसायला सारखे असले तरी एकमेकांत बसवायचे नाहीत. मेन्सचा प्लग नियंत्रणाच्या सॉकेटमध्ये शिरणारच नाही अशी वेगळी खाच आणि वेगळा रंग असलेलीच मालिका घ्यावी, कारण डालीच्या लाइनवर चुकून 230 व्होल्ट गेले तर ड्रायव्हर जळू शकतात. साखळीत किती दिवे ओवायचे हेही निव्वळ कनेक्टरच्या अँपिअरवरून ठरवू नये. एलईडी ड्रायव्हर सुरू होताना क्षणभर फार मोठा प्रवाह ओढतो, आणि बऱ्याचदा एमसीबी आधी हात टेकते.

100 किलोवॅट जोडभार किंवा 120 केव्हीए करारमागणी किंवा त्याहून जास्त असलेल्या व्यावसायिक इमारती 2017 च्या ऊर्जा संवर्धन इमारत संहितेने आपल्या कक्षेत आणल्या. तिच्यात रिकाम्या जागेतले दिवे आपोआप बंद होण्याची आणि खिडकीलगतच्या दिव्यांना वेगळं नियंत्रण देण्याची अपेक्षा आहे. त्यामुळे पुण्या-मुंबईच्या कार्यालयांत काम करणाऱ्या वायरमनला, सुपरवायझरला आणि डिप्लोमाच्या विद्यार्थ्याला हा विषय आता टाळता येणार नाही. ओहमचा नियम आणि सिंगल लाइन डायग्राम वाचता येणं, एवढी तयारी सुरुवातीला पुरे. एखाद्या मजल्याचा छताचा आराखडा मिळवा, त्यावर खिडकीलगतची रांग वेगळ्या रंगाने रंगवा आणि डीबीपासून शेवटच्या दिव्यापर्यंतची लांबी मोजायला घ्या.