बालपण : प्रगतीविषयीचा समाजशास्त्रीय वाद

आधुनिक समाजात मुलांचे जगणे पूर्वीपेक्षा सुधारले काय, याविषयी प्रामुख्याने युरोप-अमेरिकेत झालेली चर्चा. तिची सुरुवात सहसा फिलिप आरिएस या फ्रेंच इतिहासकाराच्या १९६० मधील ग्रंथापासून धरतात. मध्ययुगीन युरोपात बालपण ही निराळी अवस्था मानलीच जात नव्हती, असे त्याचे म्हणणे. पुरावा मुख्यतः चित्रांचा, ज्यांत मुले प्रौढांच्याच छोट्या आवृत्त्या दिसतात. लॉइड डीमॉस याने १९७४ मध्ये पुढची पायरी गाठली : जितके मागे जावे तितका मुलांचा छळ अधिक. लिंडा पोलॉक हिने १९८३ मध्ये १५०० ते १९०० या काळातील रोजनिश्या तपासून आईबापांची माया जुनीच असल्याचे दाखवले. तिचा पुरावा अधिक वजनदार वाटतो. चित्रांतून चित्रकलेचे संकेत कळतात, घरातली वागणूक क्वचितच.

मुलांचे जगणे सुधारले असे मानणाऱ्या प्रगतीवाद्यांची भक्कम बाजू आकड्यांची आहे. १९०० च्या सुमारास इंग्लंडमध्ये जन्मलेल्या दर हजारांतली सुमारे दीडशे अर्भके वर्षाच्या आत दगावत. आज चारच्या आसपास. याबाबत वाद नाही. वाद आहे तो जगलेल्या मुलांच्या वाट्याला काय आले, याचा.

त्यावरचे सर्वांत मार्मिक विवेचन व्हिव्हियाना झेलायझर हिचे (१९८५). १८७० ते १९३० या काळात अमेरिकेतील मूल कमावते राहिले नाही आणि त्याच वेळी अनमोल ठरले. पूर्वी अपघातात मूल गेले तर न्यायालये त्याच्या बुडालेल्या मजुरीचा हिशेब करीत. पुढे आईबापांच्या दुःखाचे मोल होऊ लागले. दत्तकासाठी आधी कामाला येईल असा दहा-बारा वर्षांचा मुलगा हवा असे, नंतर गोरी, कुरळ्या केसांची तान्ही मुलगी. माया वाढली, पण मुलाचे घरातले काम आणि त्यातून येणारा मान गेला.

शुलामिथ फायरस्टोन (१९७०) आणि जॉन होल्ट (१९७४) यांना तर संरक्षण हेच नियंत्रण वाटले. नील पोस्टमन (१९८२) दूरचित्रवाणीने बालपण पुसले म्हणतो, सू पामर (२००६) दूरचित्रवाणी-संगणकाचे पडदे व तयार खाद्यपदार्थ यांना दोष देते. या दोन्ही तक्रारींत मोठ्यांचा स्वतःच्या लहानपणाविषयीचा हळवेपणा बराच मिसळलेला आहे. तरी २००७ च्या युनिसेफ अहवालात मुलांच्या स्वास्थ्याबाबत २१ संपन्न देशांत ब्रिटन शेवटचा आला, हे त्यांच्या बाजूने जाते.

ॲलिसन जेम्स व ॲलन प्राउट (१९९०) यांनी वर्ग, लिंग व संस्कृतीनुसार बालपणे अनेक असतात असे मांडल्यावर मूळ प्रश्न ‘कोणाचे बालपण?’ असा झाला. महाराष्ट्राला तो नवा नाही. जोतीराव फुले यांनी १८८२ मध्ये शिक्षणविषयक हंटर आयोगापुढे बारा वर्षांपर्यंत सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाची मागणी केली. गोपाळ कृष्ण गोखले यांचे त्याविषयीचे विधेयक १९१२ मध्ये फेटाळले गेले. देशभर लागू होणारा शिक्षणहक्क कायदा झाला २००९ मध्ये. त्यानंतरही बीडसारख्या जिल्ह्यांतून ऊसतोडीच्या टोळ्यांबरोबर मुले निघतात आणि शाळेचे वर्ष मध्येच तुटते; म्हणून साखर कारखान्यांजवळ या मुलांसाठी साखरशाळा आणि गावांत हंगामी वसतिगृहे काढावी लागली.